अष्टमीचं उधाण

पनवेल, २४ ऑक्टोबर १९६१

कमळाकर भावजी,

दसऱ्याला तुम्ही छापखान्यात यंत्राची पूजा केलीत, तेव्हा घड्या घालायच्या टेबलाजवळ मी उभी होते. तुम्ही काशिराम कंपॉझिटरच्या हातावर सोनं ठेवलंत, माझ्याही हातावर ठेवलंत आणि पुढे गेलात. ओळखलं नाहीत. ओळखायला वर पाहावं लागतं.

मी चंद्रावती. जासईचे तुमचे चुलतभाऊ, त्यांची बायको. दर सोमवारी तुम्ही पनवेलच्या शाळेला निघायचात तेव्हा तुमच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट बांधणारी तीच मी.

गेली सात वर्षं मी 'बंदरवार्ता'च्या घड्या घालते आणि पत्ते चिकटवते. भगवानरावांची नजर गेली म्हणून त्यांनी साप्ताहिक विकलं एवढंच मला ठाऊक होतं. घेणारे तुम्ही, हे तुमचा पहिला अंक हातात आला तेव्हा कळलं. साडेसहाशे घड्या घातल्या. तुमचा अग्रलेख साडेसहाशे वेळा डोळ्यांखालून गेला. "हे साप्ताहिक कोणाचे मिंधे असणार नाही. येथे जे छापले जाईल ते निःसंदिग्धपणे सत्य असेल."

मग एक काम करा. १२ मार्च १९५३ चा अंक काढा. पान दोन, खालच्या बाजूला कंपनीचं निवेदन आहे. मिठागराचा बांध फुटून हे आणि मिठागरातला मजूर धर्मराज गेले, त्याबद्दलचं. उघाडीच्या दारावरचा राखणदार दारू प्यालेला होता, त्याने फळ्या उघड्या टाकल्या आणि पाणी सुटलं, असं त्यात छापलंय. राखणदार हेच, आणि ते खोटं आहे. हे त्या दिवशी सकाळी पेज पिऊन गेले होते. मीच वाढली होती.

त्या निवेदनामुळे धर्मराजची बायको रंभा आठ वर्षं माझ्याशी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे नुसती गप्प नाही. बाजारात मी दिसले की ती समोर येऊन म्हणते, "तुज्या बेवड्यानं माजा नवरा खाल्ला." जासईत मला राहू दिलं नाही म्हणून मी पनवेलला आले. माझ्या भामाची सोयरीक कोन गावच्या एका घरात ठरत आली होती. त्यांना कळलं बाप कोण, आणि नारळ परत आला.

तुम्ही त्याच कंपनीत मोठ्या जागेवर होता. हे कोणी लिहिलं ते तुम्हाला ठाऊक असेल. आता साप्ताहिक तुमचं आहे. ज्या पानावर खोटं छापलं त्याच पानावर खरं छापा. दुसरं काही मागत नाही.

चंद्रावती

*

मुंबई, ३० ऑक्टोबर १९६१

गं. भा. चंद्रावती वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून फार ओशाळलो. दसऱ्याच्या गडबडीत आपलेच माणूस ओळखले नाही, याची क्षमा असावी. तुम्ही लिहायला-वाचायला शिकलात हे पाहून आनंद झाला. दादा असता तर त्याला केवढा अभिमान वाटला असता!

त्या दुर्घटनेबद्दल काय लिहू? मी तेव्हा कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात होतो हे खरे. पण मोठ्या कंपनीत एकेक कागद अनेकांच्या हातांतून जातो, तो कोणी लिहिला हे सांगणे अवघड असते. आठ वर्षे झाली. जखमा भरत आल्या असताना त्या पुन्हा उघडून कोणाचे भले होणार?

मी नोकरी सोडली ती याच कंटाळ्याने. बारा वर्षे दुसऱ्यांच्या वतीने लिहिले. आता स्वतःच्या गावच्या माणसांसाठी काही करावे म्हणून हे साप्ताहिक घेतले. जासईत वाचनालय काढावे असे मनात आहे, त्याला दादाचे नाव देऊ. कसे वाटते ते कळवा. भामाच्या सोयरिकीसाठीही मी शब्द टाकीन.

तुमचा
कमळाकर

*

पनवेल, ३ नोव्हेंबर १९६१

भावजी,

पहिली गोष्ट, मला गंगाभागीरथी लिहू नका. ती पदवी ज्या दिवशी मिळाली त्याच आठवड्यात तुमच्या कंपनीने त्यांना बेवडा केलं. दोन्ही गोष्टी एकदम आल्या. दुसरी पुसली जाईपर्यंत पहिलीही मी घेत नाही.

दुसरी गोष्ट, मी कशी शिकले ते ऐका. हे गेल्यावर वर्षाने मी तो अंक घेऊन भगवानरावांकडे गेले आणि म्हणाले, "यात माझ्या मालकांबद्दल काय लिहिलंय ते सगळं वाचून दाखवा." गावात शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं होतं, पण मास्तर घाटावरचे. त्यांना जेवढं मोठं वाटलं तेवढंच त्यांनी वाचलं: राखणदार, दारू, फळ्या. उधाण वाचलंच नाही. भगवानरावांनी सगळं वाचलं. वाचताना त्यांचा आवाज खाली गेला. म्हणाले, "कंपनीकडून आलं तसं छापलं मी. दुरुस्ती छापली तर जाहिरात जाईल, छापखाना बंद पडेल. तुला काम देऊ शकतो." मी काम घेतलं. रोज दुपारी तो अंक टेबलावर ठेवून एकेक अक्षर काशिरामला विचारत गेले. माझं बालबोध ते निवेदन आहे, भावजी. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन:

"रविवार ता. ८ रोजी खाडीस अकस्मात आलेल्या उधाणामुळे मिठागराचा बांध फुटला. उघाडीवरील राखणदार मद्याच्या अमलाखाली असून त्याने फळ्या उघड्या टाकल्या होत्या, असे अत्यंत खेदपूर्वक परंतु निःसंदिग्धपणे नमूद करावे लागते."

'निःसंदिग्धपणे' हा शब्द शिकायला मला आठ दिवस लागले. सात वर्षांत इथे छापलेला एकेक कागद मी घडी घालताना वाचलाय. मामलेदाराच्या नोटिसा, नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिका, सगळं. हा शब्द परत कुठे आला नाही. परत आला तो दसऱ्याला, तुमच्या अग्रलेखात.

आणि उधाणाचं काय? आठ मार्च म्हणजे होळी होऊन आठवा दिवस, रंगपंचमी होऊन तिसरा. वद्य अष्टमी. अष्टमीला खाडीला भांग असतो, म्हणजे कमी भरती, पाणी धड बांधाच्या पायापर्यंत चढत नाही. उधाण येतं पुनवेला आणि अवसेला. हे जासईचं शेंबडं पोर सांगेल. तुम्ही त्याच आगरात उघडे नागडे खेकडे धरत वाढलात. तुम्हाला ठाऊक नव्हतं?

माणूस एका वाक्यात खोटं लिहितो तर दुसऱ्या वाक्यात खरं कशाला लिहील?

वाचनालय नको. शब्द टाकू नका. कोणी लिहिलं ते सांगा.

चंद्रावती

*

मुंबई, १९ नोव्हेंबर १९६१

वहिनी,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला दोन आठवडे लागले. चार वेळा लिहिले आणि फाडले. हे पाचवे आहे. वाचून झाल्यावर तुम्हीही हे फाडून टाका, एवढी विनंती आधीच करतो.

ते निवेदन मी लिहिले.

त्या रविवारी दुपारी, सगळे होऊन गेल्यावर, मिठागराच्या मॅनेजरचा मला घरी फोन आला. दुसऱ्या दिवशी मुंबईहून डायरेक्टर पाहणीला यायचे होते. मागच्या पुनवेच्या उधाणाला भरून घेतलेले साठवणीचे तळे त्याला त्याआधी रिकामे करून हवे होते. बांधाच्या बाहेरच्या बाजूला खाली धर्मराज चिखल काढत होता. मॅनेजरने दादाला फळ्या काढायला सांगितले. दादाने नकार दिला. मॅनेजर मला इंग्रजीत सांगत होता, पण दादाचे शब्द त्याने आहेत तसे म्हणून दाखवले, चिडवल्यासारखे: "खाली मानूस हाय. मी फळी काढनार नाय." मग मॅनेजरने फोरमनकडून फळ्या काढवल्या. दादा धर्मराजला हाका मारत खाली उतरला. तळ्याचे पाणी जोराने सुटले, भिजलेला बांध बाहेरच्या अंगाला बसला आणि दोघे त्याखाली गेले. पाणी खाडीतून आत आलेच नाही. तळ्यातून बाहेर गेले.

हे सगळे मला त्याच दिवशी ठाऊक होते. संध्याकाळी वरून सांगणे आले की निवेदन उद्या सकाळी हवे, आणि त्यात काय असावे तेही सांगितले गेले. मी लग्न करून बिऱ्हाड मांडून चार महिने झाले होते. आगरातला पहिला मुलगा ऑफिसात खुर्चीवर बसला होता. मी लिहिले.

पण वहिनी, एक गोष्ट माझ्या बाजूने पाहा. 'उधाण' हा शब्द मी मुद्दाम घातला. साहेबांना त्यातले काही कळत नव्हते. मला वाटले, आपल्या गावातला कोणीही हे वाचेल आणि एका क्षणात म्हणेल, अष्टमीला उधाण कसले, हे खोटे आहे. मी खोट्यातच खोट्याची खूण ठेवली होती. आठ वर्षे वाट पाहिली. ती खूण फक्त तुम्हाला दिसली.

मला क्षमा करता आली तर करा.

कमळाकर

*

पनवेल, २३ नोव्हेंबर १९६१

कमळाकर,

आता भावजी लिहिणार नाही. तू माझ्या हातचं खाऊन मोठा झालास. तू म्हणूनच बोलते.

ते "काढणार नाही" म्हणाले होते, हे मला आठ वर्षं ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की ते प्यालेले नव्हते. फळी कशी निघाली, कोणी काढली, ते खाली का उतरले, हे मी रोज डोक्यात जुळवत होते. कधी वाटायचं पाय घसरला असेल. कधी, देवा क्षमा कर, कधी वाटायचं त्यांचंच काही चुकलं असेल आणि रंभा म्हणते ते थोडं तरी खरं असेल. माझ्या माणसावर मी संशय घेतला. तुझ्याकडे त्यांचे शेवटचे शब्द होते. ते तू खिशात घालून फिरलास, बढत्या घेतल्यास, साप्ताहिक विकत घेतलंस.

तू म्हणतोस खूण ठेवली. कोणासाठी? ज्यांना अष्टमी कळत होती त्यांच्यातल्या कोणाला वाचता येत होतं? आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यातल्या कोणाला अष्टमी कळत होती? जासईत तेव्हा मॅट्रिक झालेला एकच होता आणि तो मुंबईत बसून निवेदन लिहीत होता. ही खूण तू आमच्यासाठी नाही ठेवलीस. स्वतःला झोप लागावी म्हणून ठेवलीस. लागली ना? आठ वर्षं छान लागली.

आणि वाट पाहिलीस म्हणतोस. एकदा एसटीत बसून जासईला यायला किती वेळ लागतो?

क्षमेचं नंतर. मला कागदावर क्षमा देता येत नाही, मी तुझ्याएवढी शिकलेली नाही. तू मला लिहिलंस तेच गुरुवारच्या अंकात छाप. मॅनेजरने हुकूम दिला, राखणदाराने नकार दिला, फोरमनने फळ्या काढल्या, राखणदार दुसऱ्याला वाचवायला खाली गेला. चार वाक्यं. काशिराम अर्ध्या तासात जुळवील.

आणि नाव लिही. बळीराम. आम्ही नवऱ्याचं नाव घेत नाही, पण लिहायला शिकले तेव्हा पहिलं तेच लिहिलं. त्या निवेदनात तर तेही नव्हतं. नुसता राखणदार.

चंद्रावती

*

मुंबई, १२ डिसेंबर १९६१

वहिनी,

तुमचा राग मला मान्य आहे. मी खूप विचार केला, दोन वकील मित्रांना विचारलेही. मॅनेजर आज कंपनीत फार वर आहे. पुरावा म्हणाल तर एक टेलिफोन, तोही आठ वर्षांपूर्वीचा. तुम्ही म्हणता तसे छापले तर अब्रुनुकसानीचा खटला होईल आणि साप्ताहिक सहा महिन्यांत बंद पडेल. मग कोणाचेच काही छापता येणार नाही. भावनेच्या भरात आपण आपल्याच हाताने आपले साधन मोडू नये.

म्हणून मधला मार्ग काढला आहे. सोबत मजकूर आहे. पुढच्या अंकात पहिल्या पानावर, चौकटीत, दादाच्या फोटोसह घ्यावा, असे काशिरामला कळवले आहे. मजकूर असा:

"खुलासा. सन १९५३ मधील मिठागर दुर्घटनेसंबंधी या साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या वृत्तातील काही तपशील अपुऱ्या माहितीवर आधारित होते. सदर दुर्घटनेस कोणीही व्यक्तिशः जबाबदार नव्हते. कै. बळीराम हे एक निष्ठावान कामगार होते. त्यांच्या स्मृतीस आमचे अभिवादन."

यात दारूचा आरोप आपोआप मागे घेतला जातो. वाचणाऱ्याला समजेल. माझे मागचे पत्र तुम्ही फाडले असेलच.

तुमचा
कमळाकर

*

पनवेल, २६ डिसेंबर १९६१

कमळाकर,

फाडलं नाही.

तुझा खुलासा काशिरामने जुळवला आणि प्रूफ माझ्यापुढे ठेवलं. मी वाचलं. "कोणीही जबाबदार नव्हते." आधी म्हणालास बळीराम जबाबदार. आता म्हणतोस कोणीच नाही. म्हणजे पाणी आपलं आपण सुटलं, फळ्या आपल्या आपण निघाल्या. काशिराम म्हणाला, "वहिनी, जुळणी सोडू का?" मी म्हणाले, "सोड." त्याने चौकट मोडली आणि अक्षरांचे खिळे परत आपापल्या खणांत टाकले. गुरुवारी त्या जागी आम्ही बोटीचं वेळापत्रक घेतलं. तू मालक आहेस, आम्हा दोघांना काढ. काशिरामने तसं सांगायला सांगितलंय. त्याला ठाण्याला काम मिळतं. मला काही मिळत नाही, पण मी घाबरत नाही.

आता काय केलं ते सांगते.

परवा रविवारी जासईत गावकी बसली होती. मी गेले. आठ वर्षांनी गेले. बाया गावकीत पुढे येत नाहीत, मी पुढे गेले. पाटील म्हणाले, "काय गं, काय काम काढलंस?" मी म्हणाले, "कमळाकरचं पत्र आलंय, सगळ्यांना वाचून दाखवायचंय." म्हातारे खूश झाले. मोठा माणूस झाला पण गावाला विसरला नाही, असं एकाने म्हटलंही. कोणीतरी विचारलं, "तुला वाचता येतं?" मी म्हणाले, "येतं. त्याच्याच धड्यावर शिकले."

तुझं एकोणीस नोव्हेंबरचं पत्र मी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. फाडून टाका म्हणालास, तेही वाचलं. चार महिन्यांचं बिऱ्हाड, तेही वाचलं. मी तुझ्यासारखं काही गाळलं नाही.

तुझ्या खुणेशी आले तेव्हा एक म्हातारा ओरडला, "अष्टमीला उधान? हा आगऱ्याचा पोर हाय का घाटावरचा?" आणि दोघेतिघे हसले. हसले, कमळाकर. तुझ्या खुणेवर आठ वर्षांनी गाव हसलं.

रंभा मागे बायांत बसली होती. ती उठून माझ्यासमोर आली. मला वाटलं मारते. म्हणाली, "परत वाच." मी धर्मराजचा तुकडा परत वाचला. "परत." तिसऱ्यांदा वाचला. मग ती म्हणाली, "माज्या नवऱ्यासाठी तुजा नवरा खाली गेला?" मी हो म्हणाले. ती रडली नाही, गळ्यात पडली नाही. उलट माझ्यावरच उसळली, "मंग आठ वर्सं मी तुला शिव्या घातल्या त्यांचा काय करू? त्या आता कोनाला घालू?"

मी म्हणाले, "पत्ता आहे माझ्याजवळ. तू सांग, मी लिहिते."

देवळाच्या पायरीवर बसून तिने सांगितलं आणि मी लिहिलं. एक शब्द बदलला नाही. छापण्यासारखा आहे की नाही ते मालक म्हणून तू ठरव. पण वाच.

चंद्रावती

*

जासई, २४ डिसेंबर १९६१

कमळाकर,

मी रंभा. धर्मराजची. मला लिवता येत नाय, चंद्रावती लिवते.

तुजा पत्र मी तीनदा आयकला. त्यात बळीरामदादा दादा म्हनून हाय. माज्या नवऱ्याचा नाव हाय. तुजा नाव तर खाली सहीच हाय. फळी काढाया सांगनाऱ्याचा नाव नाय. मॅनेजर म्हंतोस. फोरमन म्हंतोस. त्यांना आईबापानं नाव ठेवला नाय का?

मी आठ वर्सं भलत्याच मेलेल्या मानसाला शिव्या घातल्या. पोरांना शिकवल्या. माजा ल्योक सात वर्सांचा असताना चंद्रावतीच्या दारावर दगड मारून आला, तवा मी त्याला गूळ दिला. ह्ये तुज्या कागदानं केला.

तुजी चौकट नको, फोटू नको. संक्रांतीला रविवार हाय. गावकी बसंल. तू ये, आनि हितं देवळाम्होरं उभा राहून ती दोन नावा तोंडानं बोल. तुला भ्या वाटत आसंल तर वकील घेऊन ये. आमी त्यालाबी बसाया घोंगडी देऊ.

तू आला नाय, तर पानी सोडलं कोनी आसं पोरांनी इचारल्यावर आमाला एकच नाव ठावं हाय. आमी तेच सांगू.

रंभा
(अंगठा)